मैमुनाबींचं जन्मसाल

२००३ साली यूनुसने घराण्याची वंशावळ एका वेबसाइटवर चढवायला घेतली. तो दुबईजवळच्या अजमानमधल्या फ्लॅटमध्ये बसून नावं भरायचा आणि चुलतभाऊ रिझवान रत्नागिरीच्या सायबर कॅफेतून भर घालायचा. त्यातच अब्बांची बहीण मैमुनाबी फुफी आणि तिचा नवरा मोहिद्दीन फुफा व्हिजिट व्हिसावर दोन महिने त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा काम जोरात सुरू झालं. कोण डर्बनला गेला, कोणाचा निकाह कुठे झाला, फुफीला सगळं तोंडपाठ.

“आणि तुमचं साल, फुफी?”

“चव्वेचाळीस. पासपोर्टात बघ, सरकारचा शिक्का आहे.”

यूनुसने भरलं. शुक्रवारी रिझवानची मेल आली. यूनुसने पुढचा विचार न करता ती मोठ्याने वाचली. “जमातीच्या वहीत आजोबा एक्केचाळीस साली वारल्याची नोंद आहे. आपली फुफी वडील गेल्यावर तीन वर्षांनी जन्मली काय?”

फुफीने कॉम्प्युटरकडे असं बघितलं, जणू तोच बोलला. “खलास! माझं नावच काढून टाक.”

फुफांनी चहाचा कप खाली ठेवला. “अडतीस लिही, यूनुस.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” फुफी गर्रकन वळली.

“तुझ्या भावाने. याच्या अब्बाने. निकाहच्या आदल्या दिवशी म्हणाला, मुलगी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, अजून वेळ आहे, विचार कर.”

“मग?”

“केला विचार. दुसऱ्या दिवशी आलो की.”

“आणि बेचाळीस वर्षं गप्प बसलात?”

“तू इतक्या आवडीने सांगायचीस, मी यांच्याहून लहान, मला काय कळतंय! तुझी मजा कशाला घालवू?”

फुफी उठून किचनमध्ये गेली. थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. यूनुस घाबरला, फुफा मात्र बिस्किट बुडवत बसले.

मग ती परत आली आणि खुर्ची ओढून यूनुसच्या शेजारी बसली. “लिही अडतीस. आणि यांचं जन्मसाल एक्केचाळीस, ते मोठ्या अक्षरांत लिही. किती लहान पोराला मी सांभाळलं, ते सगळ्यांना कळू दे.”

फुफा इतके हसले की त्यांना ठसका लागला. फुफीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण नजर यूनुसवरच होती.

“झालं लिहून? आता ते नेट बंद कर, फोनची लाइन मोकळी कर. तुझ्या अब्बाशी बोलायचंय मला.”