बाबा म्हणायचं नाही

"बाबांना घेऊन फिरायला का, ताई?" पेट्रोल भरणाऱ्या बाईनं काच पुसता पुसता विचारलं.

"पुतणी आहे माझी," बीयुनच्या शेजारी बसलेले थ्येनफू चटकन म्हणाले आणि त्यांनी तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं.

बीयुननं पैसे दिले आणि गाडी रस्त्यावर घेतली. ती त्यांची पुतणी नव्हती, सख्खी मुलगी होती. आईला ती एकटीच. पण सहाव्या वर्षापासून ती त्यांना काका म्हणत आली होती. तिची पत्रिका घेऊन थ्येनफू एकदा कुठल्याशा देवळातल्या ज्योतिषाकडे जाऊन आले आणि आईला म्हणाले, पोरीचे ग्रह बापाला कडक आहेत. बाबा म्हणाली तर माझ्या जिवावर बेतेल, तिला काका म्हणायची सवय लाव. फांगल्याओ गावात ते राहत त्या गल्लीत कुणाला यात नवल वाटलं नाही. पलीकडच्या घरातली पोरगी तर स्वतःच्या आईला मावशी म्हणायची. बीयुनच्या आईनं मात्र ते फारच मनावर घेतलं. चुकून शब्द बाहेर पडलाच तर ती पोरीच्या तोंडात मीठ कोंबायची.

एवढं करूनही एकदा व्हायचं ते झालंच. शाळकरी बीयुन आंब्यावरून पडली आणि पडता पडता "बाबा!" म्हणून किंचाळली. आठवड्याच्या आत थ्येनफूंचा ट्रक घाटात कठड्यावर आदळला. जीव वाचला, पण उजवा पाय मोडला आणि बोटभर आखूड झाला. "झालं समाधान?" आई म्हणाली. पुढेही कितीतरी वर्षं, थ्येनफू लंगडत दारातून आत आले की ती पोरीकडे नुसतं बघायची.

बीयुन आता चाओचोउच्या बाजारात कपडे लहान-मोठे करून द्यायचं दुकान चालवत होती. शाळेचे गणवेश, चेन बदलणं, काखा उसवणं. थ्येनफूंच्या पँटी तिच्याकडेच येत, आणि प्रत्येक पँटचा उजवा पाय ती बोटभर आखूड करी. टीप घालताना दर वेळी मनात त्यांची माफी मागे. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं, तरी 'बाबा' हा शब्द तिनं पुन्हा कधी तोंडातून काढला नव्हता.

आई गेल्यापासून माहेर तुटल्यासारखंच झालं होतं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या लेकी माहेरी जातात, बीयुन दुकानाची साफसफाई काढून बसे. या वर्षी मात्र थ्येनफूंचा स्वतःहून फोन आला. "येतेस ना? गाडी घेऊन ये. पलीकडच्या किनाऱ्याला माझा एक जुना दोस्त असतो, त्याच्याकडे जाऊन येऊ. दोघंच." फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, कांदा चिरतेय. कांदा कुठेच नव्हता.

"दोन दिवसांसाठी भात शिजवायचा कुकर कशाला घेतलात हो?" तिनं आता विचारलं.

"दुसऱ्याच्या हातचा भात मला पचत नाही."

"आणि ती एवढी मोठी बॅग?"

"थंडी असते तिकडे. तू समोर बघ."

घाट सुरू झाला. तिनं बराच वेळ मनाशी जुळवाजुळव केली. आज विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारणं व्हायचं नाही, हे तिला कळत होतं.

"काका, तुम्ही ऐंशीला आलात आता. त्या ज्योतिषाला पुन्हा एकदा विचारलं तर? संपलंही असेल ते सगळं."

"मेला तो."

"मग दुसऱ्याला विचारू. मी जाते."

"इतकी वर्षं निभावलं ना? मग आता काय खूळ शिरलं डोक्यात? काका काय न् बाबा काय, हाक पोचल्याशी मतलब."

"मला एकदा म्हणायचंय हो."

थ्येनफूंनी काच खाली करून पिंक टाकली. "या वळणानंतर समुद्र दिसेल बघ," ते म्हणाले.

समुद्र दिसला. त्याच्या आधी तो कठडाही दिसला. "इथेच ना?" असं विचारून तिनं गाडी हळू केली. ते दुसरीकडे बघत "हं" म्हणाले. बापाला जुनी दुखणी उगाळायला आवडत नसतील, असं तिला वाटलं आणि आपण उगाच विचारलं म्हणून वाईटही वाटलं.

ताइमाली गाव मागे पडल्यावर त्यांनी तिला न चुकता डावी-उजवी वळणं सांगितली. सीताफळांच्या बागेत एक पत्र्याचं घर होतं. अंगणात तिच्याच वयाचा एक माणूस फांद्या छाटायची कात्री घेऊन उभा होता. थ्येनफू उतरताच त्याचा हात थांबला.

"बाबा? तू? न कळवता?"

खेडेगावात म्हाताऱ्याला कुणीही बाबा म्हणतं, अशी बीयुननं क्षणभर स्वतःची समजूत घातली. मग तिनं त्याच्या भुवया पाहिल्या. मधे जुळलेल्या. तशाच भुवया ती रोज सकाळी आरशात बघत होती.

"हा जिनहाई," थ्येनफू म्हणाले. आणि गाडीच्या मागे बॅग काढायला गेले.

जिनहाई तिच्याकडे निरखून बघत होता. "लहानपणी आली होतीस तू. ट्रकमधून. सीताफळाच्या बिया थुंकायची शर्यत लावली होती आपण. हरलीस आणि भोकाड पसरलंस, काका घरी चला, काका घरी चला म्हणून."

ते तिला आठवत होतं. पिवळं कुत्रं आठवत होतं. ओल्या केसांच्या कुणा बाईनं तिला सीताफळ फोडून दिलं होतं आणि "पुतणी अगदी तुमच्या वळणावर गेलीय" असं म्हटलं होतं. तेव्हा आईचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तिला ट्रकमधून नेलं होतं. आणि ज्योतिषाची भानगड निघाली ती त्याच्या फक्त आठवडाभर आधी. या दोन गोष्टी तिनं आजवर कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

"मी पुतणी नाही," ती म्हणाली. "मुलगी आहे त्यांची."

"माहीत आहे." जिनहाईनं मान खाली घातली. "माझ्या आईला फार उशिरा कळलं. जाताना तिनं मला सांगितलं."

थ्येनफू तोवर बॅग आणि कुकर काढून पायरीपाशी आले होते. "मागची खोली रिकामीच असेल ना रे? मी आता इथेच राहीन म्हणतो. तिकडे मला कोण आहे?"

तिकडे मला कोण आहे. बीयुन चार हातांवर उभी होती. हे माहेरपण नव्हतं तर. यांना हल्ली गाडी चालवता येत नव्हती, म्हणून एक गाडीवाली हवी होती.

जिनहाईनं त्यांच्या हातातल्या कुकरकडे पाहिलं. "बाबा, हात धुऊन घे, जेवायला बस. पण खोली नाही देता येणार. आईनं शपथ घातलीय मला."

"अरे, बाप आहे मी तुझा!"

"म्हणून तर जेवायला बस म्हणतोय."

थ्येनफू बसले नाहीत. तणतणत गाडीकडे निघाले. जिनहाईनं बॅग परत गाडीत ठेवली, मग पिशवीभर सीताफळं बीयुनपुढे केली. त्याचाही चेहरा उतरलेला होता. त्याच्यावर तिचा राग नव्हता, पण पिशवीला तिनं हात लावला नाही. प्रत्येक खेपेला थ्येनफू घरी अशीच पिशवी आणत. आई ती फळं हौसेनं खाई आणि बिया धुऊन वाळवून ठेवी.

"नको," ती म्हणाली. "आमच्या घरी फार आली ही."

गाडीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "ज्योतिषी नव्हताच ना?"

थ्येनफू कुकरच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "तुला ठेवणार कुठे होतो? तुझी आई दवाखान्यात. तू एक नंबरची बडबडी. इथे आल्या आल्या बाबा बाबा केलं असतंस."

"एका दिवसासाठी?"

"तुझ्या आईला पटलं ते. मग तसंच राहून गेलं."

"राहून गेलं?" तिचा आवाज चिरकला. "ती मीठ कोंबायची माझ्या तोंडात! तुम्ही समोर बसून जेवायचात, काका. समोर बसून! आणि तुमचा पाय? तो मी मोडला म्हणून मी..."

"पायाचं काय त्यात? डुलकी लागली होती मला," थ्येनफू म्हणाले. "इथूनच निघालो होतो. झोप झाली नव्हती."

बीयुन गाडीत बसली आणि तिनं दार ओढून घेतलं. इंजिन सुरू केलं. असंच निघून जावं, या दोन घरांच्या मधे रस्त्यावर उभं राहू दे यांना, असं तिला अगदी मनापासून वाटलं. आपल्याला फसवलंच, पण त्या ओल्या केसांच्या बाईलाही फसवलं, आणि आईला तर स्वतःच्याच पोरीशी वैर धरायला लावलं. काचेबाहेर म्हातारा कुकर छातीशी धरून उभा होता. पँट त्याला झकास बसली होती. तिचे दोन्ही पाय बुटांवर बरोबर टेकले होते, लंगडा आहे हे उभ्या माणसाकडे पाहून कुणाला कळलं नसतं.

तिनं आतून हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

थ्येनफू बसले. कुकर मांडीवर घेतला. ती रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होती. जरा वेळानं ते घसा खाकरून म्हणाले, "बीयुन, आता म्हण हवं तर. काही होत नाही."

"काय म्हणू?"

"तेच. बाबा."

ज्या शब्दासाठी ती जन्मभर झुरली होती, तो आता कुणालाच नको म्हणून तिच्या वाट्याला आला होता. तिनं तो मनात म्हणून पाहिला. अंगणात जिनहाईनं मारलेली "बाबा?" ही हाक तेवढी कानात आली.

"काका," ती म्हणाली, "पट्टा लावा."

थ्येनफूंनी कुकर पायांशी ठेवला आणि ते पट्टा शोधू लागले. त्यांना खटका सापडेना. तिनंच वाकून तो लावून दिला आणि गाडी घाटाच्या दिशेनं वळवली.