तोमासा आजींची पलटण

आमच्या नगराध्यक्षांनी, डॉन एवारिस्तोंनी, क्रांतिदिनाच्या मिरवणुकीसाठी एका कॅलेंडरवरचं चित्र पसंत केलं होतं. लालभडक ओठ, खांद्यावरून घसरलेला पांढरा झगा, छातीवर काडतुसांचे पट्टे आणि पायांत उंच टाचांचे बूट. अशा सात पोरी त्यांना हव्या होत्या. त्यांत त्यांची मुलगी ओतिलिया होती, आणि मीही. सगळं अस्सल दिसायला हवं म्हणून आम्हाला तयार करायचं काम त्यांनी तोमासा आजींना दिलं. क्रांतीत तीन वर्षं फौजेबरोबर हिंडलेली गावात तेवढी एकच बाई उरली होती.

आजींनी चित्र जवळ धरून पाहिलं. "ही लढाईला निघालीय? या बुटांत तर ढेकळांतच पाय मुरगाळून बसेल."

मग पंधरा दिवस त्यांनी आम्हाला मका वाटायचा पाटा पाठीला बांधून टेकडी चढायला लावली. जिवंत कोंबडी काखेत दाबून पळायला शिकवलं. त्या सांगायच्या, फौज मागून यायची, गावात आधी बायका शिरायच्या. जेवण मिळवायचं ते बायकांनीच. त्यांना नाही मिळालं तर सेनापतीही उपाशी. एकदा सांगता सांगता त्यांनी माझ्या पाठीवरचा पाटा घट्ट बांधला. चार सोबतिणींना वाटेतच पुरलं, त्यांचं चित्र कुणी काढलं नाही, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर ओतिलियाने पाठ दुखल्याची तक्रार केली नाही.

वीस नोव्हेंबरला मिरवणूक चर्चपासून निघायची होती. आम्ही तासभर आधीच निघालो. मळके घागरे, अनवाणी पाय, पाठीवर पाटे. शिरलो ते थेट नगरपालिकेच्या अंगणात. तिथे बड्या पाहुण्यांसाठी मिरच्यांच्या दाट रश्शातलं टर्कीचं मोले आणि मक्याच्या पानांत उकडलेले वाफाळते तमाले तयार होते. कुणाचा हुकूम, असं आचाऱ्याने विचारलं.

"फौज येतेय," ओतिलिया म्हणाली. "पातेली चौकात न्या."

नगराध्यक्षांच्या मुलीला नाही कोण म्हणणार? बँड वाजवत मिरवणूक चौकात पोचली तेव्हा हमाल, भाजीवाल्या, चांभार, सगळं गाव बोटं चाटत होतं. डॉन एवारिस्तो लालबुंद होऊन आजींपुढे उभे राहिले.

"हे काय चालवलंय, तोमासाबाई?"

"अस्सल पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" आजींनी विचारलं.

राजधानीतून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना हसू आवरेना. त्यांनी जमिनीवर बसकण मारली आणि एखादा तमाल उरलाय का, असं विचारलं. आजींनी आपल्यातला अर्धा दिला.

ओतिलियाला महिनाभर घराबाहेर पडू दिलं नाही. पुढच्या वर्षी मिरवणुकीत फक्त शाळेचा बँड होता, आणि पालिकेच्या स्वयंपाकघरावर दोन पोलीस.