सीटखालचा ठोका

आमच्या जावयांचा धंदा मला कधी आवडला नाही. लोकांच्या गाड्यांत भोंगे बसवणारा माणूस, असं मी मुलीचं लग्न ठरताना चारचौघांत म्हणाले होते, आणि त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. जावयाला अहोजाहो करायचं असतं म्हणून माझे टोमणेही आदराने जातात, एवढाच काय तो त्यांचा मान. मी त्यांना भोंगेराव म्हणते. ते हसतात. हसणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष.

आमचे हे पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. दिवसभर डोक्यावर घण पडावेत असा आवाज. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण बोळ्यांनी काय होतंय? निवृत्त झाले तेव्हा एक कान गेलेला होता, मागच्या वर्षी दुसराही गेला. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावलं की ह्यांना भांड्यांचा खणखणाट तेवढा यायचा, माणसाचा शब्द नाही. "ह्या घरात भांडीच बोलतात," असं म्हणून त्यांनी यंत्र काढलं ते काढलंच.

मग हळूहळू बोलणंही सोडलं. आधी फोन सोडला, मग पाहुण्यांत बसणं, मग जेवतानाही खाली मान. आमच्या घरात सगळ्यांनी एकदम बोलायची पद्धत. सगळे हसले की हेही हसायचे, आणि आपण कशाला हसलो ते न कळल्यामुळे तोंड कसनुसं व्हायचं. ते बघायला मला नको वाटायचं. एक दिवस ते हसणंही बंद झालं. माझे ओठ बघून त्यांना थोडंफार समजतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी काय बोलणार हे न बघताही समजतं म्हणा.

राहता राहिली गाडी. जुनी, निळी, दारांना दोन ठिकाणी पोचे. चालवते मी. शाळा माझी चौथीत सुटली, पण चाळिशी उलटल्यावर ह्यांनी मला गाडी शिकवली आणि ती काही सुटली नाही. दर रविवारी सकाळी मी स्टिअरिंगवर, हे शेजारी, कालव्याच्या वळणावरून पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. काम काही नसायचं. स्टिरिओवर गाणी लावायची आणि ह्यांनी समोरच्या फळीवर बोटांनी ठेका धरायचा. कान गेल्यावरही हे काही रविवार माझ्याबरोबर आले. खिडकीतून बाहेर बघत बसायचे. मग म्हणाले, "विकून टाकू गाडी. पोतं ठेवल्यासारखं शेजारी बसायचं तर घरी काय वाईट आहे?"

नुसतं बोलले नाहीत, गिऱ्हाईकही शोधलं. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याचा पुतण्या. दोन आठवड्यांनी रविवारी येतो म्हणाला.

गाडी जाण्याचं मला दुःख नव्हतं. लोखंड ते लोखंड. पण घरात हे त्यांच्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात. ह्यांच्या शेजारी बसायची जागा मला तेवढी एकच उरली होती. ती गेली की हा माणूस खोलीचं दार उघडायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मुलीजवळ फोनवर रडले नाही, चिडले. ते भोंगेरावांच्या कानावर गेलं असणार. दुसऱ्या दिवशी काखेत खोकं मारून हजर.

"आई, बाबांच्या सीटखाली एक चपटा स्पीकर बसवतो. आणि मागे डिकीत अ‍ॅम्प्लिफायर."

"भोंगेराव, ज्याला ऐकू येत नाही त्याला भोंगा? आंधळ्याला आरसा देण्यातला प्रकार."

"ऐकायला नाही हो. अंगाला लागायला. जाड आवाज कानानेच ऐकावा असं काही नसतं. पाठीला लागतो, मांडीला लागतो. तुमच्या स्टिरिओत तेवढा दम नाही. अ‍ॅम्प्लिफायर त्याला जोर देईल."

"जोराने गाडीचे पत्रे निखळतील त्याचं काय?"

"बाबा ठोकून देतील की. त्यांचा हातखंडा."

"आणि स्टिरिओ नवा घ्यायला लावाल."

"छे. तो जुनाच ठेवायचा. त्याची बटणं बाबांच्या बोटांना पाठ आहेत."

 

मी स्टूल टाकून अंगणात बसले. आपल्या वस्तूला दुसऱ्याने हात लावला की तिथे बसावं, हे माझं धोरण. त्यांनी बॅटरीपासून एक जाड लाल वायर काढली, पायाखालचा गालिचा उचलून त्याखालून मागे नेली. गालिच्याखाली माझा हरवलेला केसांचा चाप निघाला तो पुसून माझ्या हातात दिला. मग डिकीतला रंग खरवडायला लागले.

"अहो, अहो! रंग कशाला काढताय?"

"काळ्या वायरला उघडा पत्रा लागतो, आई. रंगावर अर्थिंग धरत नाही. कुरकुर येते."

"कुरकुर माझी येईल ती आधी ऐका."

"ती रोजचीच आहे," म्हणाले आणि खरवडत राहिले.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र दिसायला देखणा. काळाभोर, पाठीवर उभ्या पट्ट्या, नांगरलेल्या जमिनीसारख्या. बघताक्षणी माझ्या मनात आलं, ह्या पट्ट्यांत धूळ बसणार. आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला तर दोन. झाकलेली वस्तू टिकते. म्हणून भोंगेरावांची पाठ वळताच मी जुनी दुलई फाडली आणि अ‍ॅम्प्लिफायरला बेतशीर झबलं शिवलं. वर फुलं, आत कापूस, खाली इलॅस्टिक. असं बसलं की कुणालाही वाटावं, कंपनीनेच दिलंय.

रविवारी ह्यांना हाताला धरूनच गाडीत बसवलं. स्टिरिओ लावला. आधी काही नाही. मग ह्यांनी दचकून सीटवर तळवा टेकला. माझ्याकडे बघितलं. परत सीटकडे बघितलं. "कोण आहे खाली?" म्हणाले. इतक्या दिवसांत मला प्रश्न विचारला नव्हता त्यांनी. मी गाडी हळू घेतली, रस्ता संपू नये म्हणून.

कालव्याच्या वळणावर ठोका बंद पडला. दारांतले लहान स्पीकर गात होते, पण ते ह्यांना काय कामाचे? हात तसाच सीटवर ठेवून वाट बघत राहिले. पूल आला तेव्हा हात उचलला. "गेलं," म्हणाले.

घरी आल्या आल्या मी फोन केला आणि भोंगेरावांना जे बोलायचं ते सगळं बोलले. ते कामावरून तसेच आले. जावई झाला तरी पाहुणा, म्हणून मी पुढे होऊन कव्हर काढलं, घडी करून ठेवलं, मग त्यांना बोलावलं. त्यांनी गाडी अंगणात उभी करून कितीतरी वेळ वाजवली. ठोका ठणठणीत. ते गेले, मी कव्हर चढवलं, ह्यांना घेऊन निघाले, आणि पुन्हा कालव्याच्या वळणाला तेच.

पुन्हा बोलावलं. पुन्हा घडी, पुन्हा ठणठणीत. त्यांनी फ्यूज बदलला, वायरी सोडून परत आवळल्या, डोकं खाजवलं. "माझ्यासमोर गुणी बाळासारखा वागतो हो," म्हणाले.

"वस्तूला दोष देऊ नका. तुमच्या हाताला गुण नाही," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या वेळी मात्र ते हसले नाहीत. अवजारं गोळा करून गेले.

तिसऱ्यांदा हे गाडीत बसायला आलेच नाहीत. खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "पुरे. लागतं आणि मरतं. दोनदा बहिरं व्हायची हौस नाही मला."

तो गिऱ्हाईकाचा रविवार उजाडला. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी, चारी दारं आणि डिकी वाऱ्याला उघडी. मी आत भांडी घासत होते. मुलगी आदल्या दिवसापासून आलेली होती. एवढ्यात बाहेरून कुणीतरी मोठ्याने हसल्याचा आवाज आला. ओले हात पुसत गेले, तर भोंगेराव. न सांगता, न सवरता आलेले, आणि हातात माझं फुलाफुलांचं झबलं.

"आई, हे काय?"

"कव्हर. दिसत नाही?"

"मी आलो तेव्हा कधी दिसलं नाही."

"पाहुण्यासमोर कव्हर कोण ठेवतं?"

ते डिकीच्या कडेवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "आई, त्या पट्ट्या त्याच्या अंगातली उष्णता बाहेर टाकायला असतात हो. तुम्ही भर उन्हात त्याला दुलई पांघरलीत. तो तापतो, आणि जीव वाचवायला आपला आपण बंद पडतो. मी आलो की तुम्ही दुलई काढता, तो गार होतो, आणि मी येडा वायरी तपासत बसतो!"

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. हसणं ऐकून मुलगी बाहेर आली. "सापडलं का काय ते?"

"सापडलं," भोंगेराव लगेच म्हणाले. झबलं त्यांनी पाठीमागे लपवलं होतं. "अर्थिंगचा नट ढिला राहिला होता. माझीच चूक."

"बघ! आईसमोर नाक कापलंस माझं. नीट बघून करायला काय होतं रे तुला?"

ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी त्यांना हाताला गुण नाही म्हणाले होते, आणि हा माणूस माझी लाज पाठीमागे धरून उभा होता. मला गप्प बसता आलं असतं. पण माझ्या दारात, माझ्या जावयाचा नट ढिला? हे मला खपणार नाही.

"नट ढिला नव्हता," मी म्हणाले. "काम चोख आहे. मीच त्याला दुलई घातली होती. दाखवा हो ते."

मुलीने झबलं बघितलं आणि तोंडावर हात दाबला.

"हस. एकदाच काय ते हसून घे. उद्या परत हसलीस तर गाठ माझ्याशी आहे."

आता प्रश्न ह्यांचा. खोलीत नवे कपडे घालून, गाडीची किल्ली मुठीत धरून गिऱ्हाईकाची वाट बघत बसले होते. मी गाण्याचं नाव काढलं असतं तर उठले नसते. मी समोर उभी राहून ओठ नीट हलवले. "इंजिन खडखडतंय."

"कुठे?"

"मला काय कळतंय? चालताना खडखडतं. माणसाच्या गळ्यात तसंच बांधायचं का?"

तडा गेलेला पत्रा ह्यांनी उभ्या आयुष्यात पुढे जाऊ दिला नव्हता. उठले. मी किल्ली घेऊन इंजिन सुरू केलं, तसा त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवून बघितला, मान हलवली, आणि नाइलाजाने शेजारी येऊन बसले. भोंगेराव मागे बसले. मी गाडी काढली, आणि स्टिरिओ लावला.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की फसवणूक कळलीय. हात मांडीवरच ठेवले. सीटला लावलेच नाहीत. मी समोर बघत राहिले. कालव्याचं वळण आलं. गेलं. ठोका चालूच.  पूलही आला आणि मागे पडला. तिथून पुढे आम्ही कधी जात नसू.

कधीतरी ह्यांचं बोट हललं. मग दुसरं. "हे ते गाणं," म्हणाले. "मधे ढोल थांबतो ते." आणि खरंच ढोल थांबला. ह्यांनी बोट हवेत धरलं, थांबले, आणि जिथे ढोल परत आला तिथे बरोबर खाली आणलं.

मग गायला लागले. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे सूर एकीकडे, गाणं दुसरीकडे, आणि आवाज असा की सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने मान वळवली. ह्यांच्या भसाड्या गाण्यावरून मी जन्मभर बोलले आहे. त्या दिवशी मी काच खाली केली. ऐकू दे लोकांना.

आरशात बघितलं तर भोंगेरावांचा एक हात मागची सीट ओलांडून डिकीत गेलेला, अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर टेकलेला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "ताप नाही, आई," म्हणाले.

"जावईबापू," मी म्हणाले. भोंगेराव हा शब्द तोंडाशी आलाच नाही. "तुम्ही माझं घर बोलतं केलंत. तुमचे उपकार मी..."

"आई, समोर बघा, ट्रक आहे!"

ट्रक होता खरा. मी गाडी बाजूला घेतली आणि ते बोलणं तिथेच राहिलं. त्यांनी मुद्दाम राहू दिलं असं मला वाटतं.

घराशी आलो तर गिऱ्हाईक फाटकात उभं. हातात हेल्मेट, शेजारी आमची मुलगी. मी वेग कमी केला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून त्या पोराला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "विकायची नाही रे! चहा घेऊन जा!" आणि मला म्हणाले, "थांबू नकोस, गाणं संपलेलं नाही."

मी पुन्हा वेग घेतला. कोपरा वळल्यावर ह्यांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

मी अंगठा मागे दाखवला.

ह्यांनी वळूनही बघितलं नाही. हात मागे नेला, चाचपडत जावयांचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेका धरला, पुढचा सगळा रस्ता. प्रेसवरचा हात आहे तो, लागला असणार. पण त्यांनी पाय काही मागे घेतला नाही.