किटीच्या नाकावरचा ओला रंग

आमच्या स्क्वॉड्रनचा युद्धातला इतिहास छापून आलाय. चांगलं जाडजूड पुस्तक आहे. कोणत्या तारखेला किती लँकेस्टर विमानं उडाली, किती टन बॉम्ब टाकले, किती परत आली, सगळं आहे. चव्वेचाळीसच्या मार्चमधल्या एका मोहिमेवर दोन ओळी खर्चल्यात. त्यात रंगाचं नाव नाही. असणार कुठून! लिहिणाऱ्या साहेबाचे हात कधी ग्रीसने बरबटलेच नाहीत.

मी हेटी सोवर्बी, इंजिन मेकॅनिक. 'किटी' नावाच्या लँकेस्टरची चारही इंजिनं माझ्या हातची. विमान आमचं, जमिनीवरच्या माणसांचं. उडणाऱ्यांना आम्ही ते एका फेरीपुरतं वापरायला द्यायचो आणि नेलं तसं आणून ठेवा म्हणून दम भरायचो. फेरी करून आलं की नाकावर एक पिवळा बॉम्ब रंगवायचा. आल्यावर. आधी अजिबात नाही. हे आमच्या लिंकनशरमधल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

किटीच्या नाकावर एकोणतीस बॉम्ब होते. तीस झाले की आमची सात पोरं सुटणार होती, निदान सहा महिने तरी त्यांना कोणी जर्मनीवर धाडणार नव्हतं. तिसावी फेरी त्याच रात्री होती.

दुपारी मी इंजिनावरून खाली उतरले आणि बघते तर नाकावर तीस बॉम्ब! शिडीवर बसून टक्सफर्ड ब्रश पुसत होता. पन्नाशीचा माणूस. युद्धाआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

"टक्सफर्ड, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तासाभरात माझी लॉरी निघतेय, पोरी. यॉर्कशरला बदली. एकोणतीस मी रंगवले. तिसावा काय त्या नव्या माणसाच्या हातून? त्याला सरळ रेघ मारता येत नाही."

मला चीडही आली आणि गलबलूनही आलं. तेवढ्यात ती सात पोरं विमान तपासायला आली. शेपटीतल्या बंदुकांवर बसणारा आयवर पुढे होता. त्याने नाकाकडे पाहिलं आणि मटकन गवतात बसला.

"मी यात पाय ठेवणार नाही."

बाकीचेही जागच्या जागी थिजले. कप्तान रेडफर्न अवघा बावीस वर्षांचा. तो म्हणाला, "पुसून टाक, हेटी. आत्ताच्या आत्ता." त्याचे हात थरथरत होते. उडायला नकार दिला तर भित्रा म्हणून कागदावर शिक्का बसायचा, ते वाईटच. पण त्या थरथरत्या हातांनी किटी नेली असती, तर सातांपैकी एकही परत आला नसता. मला त्याची जास्त भीती वाटली.

टक्सफर्डचा चेहरा पार उतरला होता. त्याने निमूटपणे पेट्रोलचं फडकं उचललं.

"खबरदार पुसलंस तर!" मी ओरडले. "तिसावी फेरी आपल्याच हाताने पुसून मग निघणार? शाबास! याहून मोठा अपशकुन मला तरी माहीत नाही."

मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"आणि बॉम्ब आहेच कुठे? तो ओला आहे. ओला बॉम्ब हिशेबात धरत नाहीत."

"हा नियम कधीपासून?" आयवरने विचारलं.

"मी सार्जंट झाल्यापासून. टक्सफर्ड, वाळायला किती वेळ?"

बिचारा खरोखरच विचारात पडला. "तेल जरा जास्त घातलंय. त्यात ही दमट हवा... सकाळचे सात तरी वाजतील."

"ऐकलंत? सातला या, सातही जणांनी बोट लावून बघा, मग मोजा. उशीर केलात तर मोजू देणार नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. रेडफर्नने विमान ताब्यात घेतल्याचा कागद मागितला. इंजिनांसाठी मी सही केलीच होती, खाली त्याने केली. अक्षर सरळ आलं.

आयवर पँट झटकत उठला. "बोटाला रंग लागला तर तुझ्या नाकाला पुसेन."

"आधी ये तर खरा!"

टक्सफर्ड लॉरीत बसून गेला.

सकाळी साडेसहापर्यंत अठरातली सोळा विमानं उतरली. मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते धडधडीत खोटं होईल. पण ती इंजिनं मी घासूनपुसून लावली होती, त्यांचा आवाज मला पाठ होता. सातला दहा कमी असताना तो आवाज आला. चारातलं एक बंद होतं, तीन ठणठणीत. अठरावं विमान मात्र आलंच नाही.

आयवर उतरला तो सरळ शिडी चढला. बॉम्बवर बोट टेकवलं आणि मला दाखवलं. स्वच्छ होतं. मग तिथेच शिडीवर बसून तो हमसून हमसून रडला.

साडेसातला फोन आला. फोनवर विमानाचं नाव घेणं किंवा मोहिमेबद्दल बोलणं म्हणजे सरळ तुरुंग, आणि मध्ये ऑपरेटर ऐकत असायची. पलीकडून कोणीतरी घसा खाकरला.

"हेटी, रंग... वाळला का गं?"

"वाळला. सातही जणांनी बोट लावून पाहिलं. एकालाही लागला नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सातच्या हिशेबानेच तेल मोजून घातलं होतं मी," टक्सफर्ड म्हणाला.