रिंगखालून परत आलेला बॉल

ते १९७४ साल. मी टायरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आत आला, कोण कधी बाहेर गेला, हे लिहिणं माझं काम. अक्षर बरं म्हणून कारखान्याच्या बास्केटबॉल संघाची स्कोअरशीटही माझ्याच गळ्यात पडली. संघाचे कप्तान आमचे हे, आणि ज्याच्या जिवावर संघ चालायचा तो सहा फूट पाच इंचांचा ‘शिडी’ माझा धाकटा भाऊ. दोघंही माझ्याच घरात. कंपनीचं दोन खोल्यांचं क्वार्टर. शिडी स्वयंपाकघरात झोपायचा. दार अर्धं उघडंच ठेवावं लागे, कारण पाय बाहेर यायचे.

त्या वर्षी आम्ही सलग तिसऱ्यांदा बाद फेरीत हरलो, तेही एका गुणाने. शेवटचा शॉट शिडीचा. बॉल रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. बेकरीवाला म्हणाला, “ताई, पाव मोजून घ्या हं. नाहीतर म्हणाल, याचाही नेम चुकला!” दुकानात सगळे हसले. घरी आम्ही तिघं जेवायला बसायचो तेव्हा नुसता ताटांचा आवाज.

स्कोअरशीटमध्ये गुण आणि फाउल एवढंच असतं. पण मला सगळंच लिहायची खोड. एका वेगळ्या वहीत मी पासही टिपायची: कोणी कोणाला दिला, आणि त्या वेळी मोकळा कोण होता. मोकळ्या खेळाडूभोवती गोल. त्या वहीत शेवटचे अकरा सेकंदही होते. शिडीवर तिघं धावून आले, त्याने बॉल कप्तानाला दिला. हे रिंगखाली एकटे होते, हात वर केला की गुण. आणि यांनी बॉल परत शिडीला दिला. सगळं मैदान शिडीकडेच बघत होतं, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

सोमवारी क्रीडा सचिवांनी बोलावलं. या गृहस्थांनी आयुष्यात पत्त्यांशिवाय काही खेळलं नव्हतं.

“बाई, मोठ्या साहेबांना एकच उत्तर हवंय. दोष शिडीचा की संघाचा? त्याचा असेल तर त्याला काढायचं. संघाचा असेल तर बाकी चौघांची बदली, कप्तान पहिला. तुम्ही स्कोअरच्या टेबलावर होतात. बुधवारी कागद घेऊन या.”

शिडीला नोकरी खेळामुळे लागली होती. खेळ गेला की नोकरी गेली, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. यांची बदली म्हणजे क्वार्टर जाणार, माझं टाइम ऑफिस जाणार. कुठल्याही बाजूने गेलं तरी भिंत.

मंगळवारी दुपारी हे दुसऱ्या पाळीला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, “ती वही नेणार आहेस?”

“विचारलं तर?”

“विचारतील तेवढंच सांग.”

“अहो, पण तुम्ही परत का दिलात? एकटे होतात तुम्ही.”

नाडी बांधून झाली तरी ते वर बघेनात. “तो चुकला तर लोक म्हणतात, शिडी चुकला. मी चुकलो असतो तर म्हणाले असते, मेहुण्याने घात केला.”

स्वयंपाकघराच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते. ते जराही हलले नाहीत.

बुधवारी वही माझ्या पर्समध्ये होती. सचिवांच्या खोलीत पंखा डोक्याला लागेल म्हणून शिडी भिंतीला चिकटून उभा होता. हे खुर्चीत.

“शेवटचा शॉट कोणाचा?”

“शिडीचा.”

“त्याआधी कोणाची काही चूक?”

मी पर्सची कडी उघडली. रुमाल काढला, तोंड पुसलं, कडी लावली.

“शीटमध्ये तसं काही नाही.”

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. शिडीने माझ्याकडे एकदाच बघितलं.

आठ दिवसांनी तो बॅग घेऊन निघाला. दारात वाकून म्हणाला, “ताई, आता दार लावून झोपत जा.” पुढे क्वार्टर सोडेपर्यंत ते दार मी अर्धं उघडंच ठेवलं.

पुढच्या वर्षी संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला. बॉल या हातातून त्या हातात फिरत राहिला, टाकायला कोणी तयार नाही. त्यानंतर यांनी बूट कपाटात ठेवले ते कायमचे. फोरमन होऊन रिटायर झाले. सचिव स्वतःच मोठे साहेब झाले. शिडी दूरच्या गावी एका गोदामात लागला, मग शाळेतल्या मुलींना खेळ शिकवू लागला. त्याच्या मुली दोनदा अंतिम सामना जिंकल्या.

पंधरा वर्षांपूर्वी तो राहायला आला तेव्हा हे फिरायला गेले होते. म्हणाला, “ताई, वही आहे अजून? भावोजी किती वेळा मोकळे होते ते मोज बघू.”

गोल मोजत गेले. तीन वर्षांत सत्तेचाळीस.

“आणि मी त्यांना बॉल दिला किती वेळा?”

“सहा. शेवटचा धरून.”

“बघ. हाताला सवयच नव्हती गं त्यांच्या. मीच लावली नाही.” मग हसला. “माझ्या पोरींना हेच शिकवतो मी.”

मी म्हटलं, “मी तेव्हा वही काढायला हवी होती.”

‘नको होती’ असं काही तो म्हणाला नाही. उठला, आणि वही त्याने कपाटाच्या माथ्यावर पार मागे सरकवून ठेवली.

आता हे ब्याऐंशीचे आहेत. शिडी आला की दोघं गुडघ्यांविषयी बोलतात, हवेविषयी बोलतात. मी चहा देते. वही अजून वरच आहे. काढायची तर मला स्टुलावर चढावं लागेल, आणि डॉक्टरांनी मला स्टुलावर चढायला मनाई केली आहे.