पिवळी रेघ

"आईला आवळून बांधा, झुंबरभाऊ. मागल्या येळंला खाडीच्या पुलावर पडली ती," विश्राम म्हणाला, तसा झुंबरनं वाळूच्या गोणीला दोरीचा आणखी एक वेढा दिला.

आई म्हणजे ही गोणी. दांडीच्या किनाऱ्यावरची वाळू ठासून भरलेली आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चढवलेली. झुंबर तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर, तर विश्राम दांडी गावचा, मासेमारीच्या मचव्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. या दोघांची गाठ काय पडली, बोईसरला झुंबरच्या चाळीपुढं महिनाभर लोखंड कापायचा आवाज थांबला नाही. शेजारीपाजारी वैतागले होते, पण संध्याकाळी बघायला जमणारेही तेच.

गाडी लष्कराच्या लिलावातली. अंगानं दणकट, पण मागच्या चाकाला स्प्रिंगचा पत्ता नाही. एकट्यानं हिंडायला झकास होती. झुंबरला मात्र तिच्यावरून आईला आणायची होती, तेही थेट सिन्नरच्या पलीकडून, कसारा घाट उतरून.

त्याला कारणही तसंच होतं. गेल्या साली आई, नर्मदाबाई, एस.टी.नं आली, तर डिझेलच्या वासानं वाटभर ओकत आली. वर खड्ड्यांनी कंबर अशी धरली की पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. गावी परतल्यावर तिनं निरोप धाडला, की जीव गेला तरी त्या डब्यात पुन्हा पाय ठेवायची नाही. आणि इकडं त्याच्या बायकोला, सुगंधाला, सातवा महिना लागलेला. तिची आई ती परकरी असतानाच गेली होती, आणि पहिल्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं. "आत्याबाई जवळ असल्या तर मला धीर यील," एवढंच ती एकदा म्हणाली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, आणि म्हणूनच झुंबरच्या डोक्यातून तो जाईना.

मग काय, सपाटाच लावला पठ्ठ्यानं! मनोर सोडलं की पुढं जंगलात पंप कुठला मिळायला? जादा पेट्रोलचा डबा मागं बांधावा, तर वास नेमका आईच्या नाकाखाली. विश्रामनं एका मोडक्या मचव्याची टाकी कापली, तिच्या दोन चपट्या टाक्या केल्या आणि मूळ टाकीच्या दोन्ही अंगांना झाळून बसवल्या. थेंब गळत नव्हता. फक्त टाकीला सुक्या बोंबलांचा वास मारत होता.

"आता घाट चढून जाशील, मधी थांबायला नको," विश्राम म्हणाला. "मांजरी मागं लागल्या तर आमी नाय जबाबदार."

स्प्रिंगांच्या दोन जोड्या पालघरच्या भंगारात सापडल्या, एक मऊ आणि एक कडक. आता स्प्रिंग बसवायची तर बसणाऱ्याचं वजन ठाऊक हवं. झुंबरला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या लग्नाच्या साली बाजारात कांदा मोजताना आई थट्टेनं काट्यावर बसली होती आणि कांद्याच्या गोणीला भारी भरली होती. सगळा बाजार हसला होता, आई सर्वांत जास्त. तेवढ्याच वजनाची वाळू त्यानं भरली. मऊ जोडी तिच्याखाली पार बसली आणि चाक मडगार्डला घासलं. कडक जोडी मात्र बेतानं दबली. ती जिथं थांबली, तिथं झुंबरनं स्प्रिंगच्या नळीवर रंगाची पिवळी रेघ मारली. रेघेपर्यंत दबली की गाडी पाळण्यासारखी चालणार.

आज शेवटची परीक्षा होती. सुगंधा पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन आली आणि तिनं ते गोणीवर ठेवून बांधायला लावलं.

"आत्याबाई आज लई गप हायेत," ती म्हणाली.

झुंबर बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून उमरोळीपर्यंत जाऊन आला. मडकं शाबूत, पाणी ओंजळभरच सांडलेलं. सुगंधानं पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि पोटावर हात ठेवून ती इतकी हसली की झुंबरला महिन्याचे सगळे कष्ट पावले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो निघाला. मनोर झालं, वाडा झाला, शहापूर मागं पडलं. काय गाडी पळत होती! कसाऱ्याच्या वळणांवर मालट्रका धापा टाकत होत्या आणि हा बहाद्दर त्यांच्या अंगावरून शीळ घालत वर. वाटेत पेट्रोलसाठी एकदाही पाय टेकला नाही. इगतपुरीला चहा घेताना तो उगीचच मागच्या रिकाम्या सीटवर हात फिरवत होता. परतताना इथं आईला भजी खाऊ घालायची, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

नर्मदाबाई ओट्यावर बसली होती. पदर डोक्यावरून अंगभर लपेटलेला. गाडी बघून तिला हसू आवरेना.

"म्हातारीला घोड्यावर बशिवतो व्हय रं?"

"आधी बसून तर बघ."

त्यानं हात धरून तिला चढवलं, पायांसाठी बसवलेल्या फळीवर तिचे पाय ठेवले आणि तो मागं रेघ बघायला वाकला. स्प्रिंग रेघेपर्यंत पोचलीच नव्हती. जेमतेम दबली होती.

"नीट बस की, आई. सगळा भार टाक."

"टाकलाय की. बसलेच हाय."

झुंबरनं पुन्हा पाहिलं. दोन्ही पाय फळीवर होते. मग त्यानं तिचा हात पाहिला. पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकल्या होत्या. वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याकडून ती 'मी बरी हाय' एवढंच कळवत होती, आणि तो ते खरं मानत होता.

"काय झालं? मोडली का गाडी?"

"नाय," तो रेघेकडंच बघत म्हणाला. "मागं वजन कमी पडतंय. अशीच नेली तर तुला हादरे बसतील."

नर्मदाबाईनं घराकडं बोट केलं. "मग माझं जातं घे की. सुगंधाला बाजरीची पेज लागंल. इथं तसं बी आता मला वढवत नाय."

झुंबरनं जात्याचे दोन्ही दगड एकेक करून उचलून आणले आणि सीटमागं आवळून बांधले. नर्मदाबाई पुन्हा चढून बसली. स्प्रिंग हळूहळू दबत गेली आणि बरोबर पिवळ्या रेघेवर येऊन थांबली.

"आता जमलं का रं?"

"जमलं," झुंबर म्हणाला. मग बराच वेळ तो पाठमोरा राहून आधीच घट्ट असलेली दोरी आवळत बसला.