बागेकडची वाट

"बागेकडून आणा," सिस्टर फोनवर एवढंच म्हणाल्या आणि वाटाड्यानं रिसीव्हर खाली ठेवला.

टेबलासमोर उभा असलेला माणूस निरोप मिळताच धावत आला होता. घाईत शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्याचे वडील अतिदक्षता विभागात होते.

"चला, मी सोडतो तुम्हाला," वाटाड्या म्हणाला.

वाटाड्याचं खरं नाव आता पगारापुरतंच उरलं होतं. हे हॉस्पिटल म्हणजे एका जुन्या आणि एका नव्या इमारतीचा जुळवून आणलेला संसार. जुनीच्या दुसऱ्या मजल्यावरून सरळ चालत गेलं, की माणूस नवीच्या तिसऱ्यावर निघायचा. पाट्या लावणाऱ्यांनी केव्हाच हात टेकले होते. रक्त तपासायला आलेली माणसं बाळंतिणींच्या वॉर्डात शिरत, आणि एकदा तर हिशेब तपासायला आलेले साहेब शवागाराचं दार ठोठावत उभे होते. म्हणून फाटकाशी एक टेबल, एक फोन आणि हा माणूस.

अतिदक्षता विभागाला दोन वाटा होत्या. औषधांच्या दुकानामागचा जिना चढला की समोर दार. दुसरी वाट बागेकडून, कँटीनला वळसा घालून, एक्स-रेच्या बोळातून आणि मग जुन्या लिफ्टनं. ही लिफ्ट आली तर आली. पेशंट गेला की सिस्टर 'बागेकडून' म्हणत. तेवढ्या वेळात नळ्या काढायच्या, तोंड पुसायचं, चादर बदलायची. नातेवाइकांना वर गेल्यावर कळे, वाटाड्याला खालीच कळलेलं असे. चालता चालता तो विचारी, जेवलात का, गाडी नीट लावलीत ना. या वाटेत दया आहे, असंच तो इतकी वर्षं मानत आला होता.

बटणं वरखाली लावलेला माणूस दुपारी परत टेबलाशी आला. शेजारच्या खुर्चीवर केसपेपरच्या बाई मान खाली घालून काम करत होत्या.

"मला फिरवून का नेलंत?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "लिफ्टमन म्हणाला, दुकानामागं जिना आहे."

"जिना... धुवायला काढला होता."

"बाबांचा हात गार पडला होता हो. जरा आधी पोचलो असतो तर..."

तो निघून गेला. पुसलेल्या तोंडाचा, बदललेल्या चादरीचा विचार वाटाड्यानं नेहमी केला होता. हाताचा कधी केला नव्हता, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

डबा न उघडताच तो जिन्यानं वर गेला. त्याच विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर, त्याची बायको होती. फुप्फुसं पार थकली होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. घामेजलेला होता, पण ऊन होता.

"लेक निघाली का?" मास्कमधून तिनं विचारलं.

"बसमध्ये बसलीय. संध्याकाळी पोचेल."

"तिला नाही सापडायचं इथं काही."

"मी आहे की खाली."

"तुमचं नका सांगू. जगाला रस्ता दाखवता आणि भाजी आणायला गेलात की मीच शोधायला येते." ती हसली, हसता हसता खोकल्यानं बेजार झाली, आणि सिस्टरांनी त्याला बाहेर काढलं.

दिवस कलताना फोन वाजला. वाटाड्या एका आजोबांना एक्स-रेचा बोळ समजावून सांगत होता, म्हणून केसपेपरच्या बाईंनी तो घेतला.

"हो सिस्टर," त्या म्हणाल्या आणि रिसीव्हर सावकाश ठेवला. "भाऊ, वर बोलावलंय तुम्हाला. चला, मी येते."

तो दुकानाकडे वळला. बाईंनी त्याची बाही धरली.

"इकडून जाऊ. जिना... धुतायत तो."

त्याचीच थाप, दुपारी बाईंच्या देखत मारलेली. तरी तो मुकाट्यानं कँटीनच्या दारापर्यंत त्यांच्यामागून गेला. अजून थोडा वेळ त्याला न कळल्यासारखं राहायचं होतं.

"जेवलात का, भाऊ?" बाईंनी विचारलं, आणि त्यांना हुंदका फुटला. "मला नाही हो जमत हे."

"तुम्ही टेबलाशी थांबा, बाई," तो म्हणाला. "माझी लेक येईल. तिला इथलं काही ठाऊक नाही."

आणि तो मागे फिरून जिन्याला लागला. गुडघे कुरकुरत होते, तरी त्यानं कठड्याला हात लावला नाही.

खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

"भाऊ, जरा थांबा, अजून काहीच..."

"असू दे, सिस्टर."

इतकी वर्षं लोकांना जे बघू दिलं नव्हतं, ते त्यानं बघितलं. तोंडात नळी, ओढलेला जबडा, गालावर चिकटपट्ट्या, डाग पडलेली चादर. वाचवायची सगळी खटपट अंगावर तशीच राहिली होती. सिस्टरांचं काही चुकत नव्हतं. पण त्यानं स्टूल ओढलं आणि तिचा हात हातात घेतला. ऊन होता.

"आलो गं मी," तो म्हणाला आणि रडला.

भिंतीवरचा फोन वाजला. सिस्टरांनी ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून त्या वळल्या.

"तुमची लेक आलीय. कुठून आणू, विचारतायत."

त्यानं बायकोच्या तोंडाकडे बघितलं. मग हाताकडे.

"नळी तेवढी काढा," तो म्हणाला. "आणि तिला जिन्यानं आणायला सांगा. लवकर."

सिस्टर नळी काढायला वाकल्या. तिचा हात त्यानं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवला, लेक येईपर्यंत ऊब जाऊ नये म्हणून.